गिरणीतली बाई आभाळात

"आये, तू पुढं बस. वायंडिंग खात्यातली सगळ्यात जुनी बाई तू," माझा धाकटा, धर्मा, म्हणाला.

लालबागच्या आमच्या चाळीसमोर बाकडं मांडलं होतं. त्यावर रशियातल्या एका पोरीचा फोटो, पेपरातला कापून काचेत घातलेला. आमच्यासारखीच कापडगिरणीत राबलेली. आता आभाळात जाऊन, पृथ्वीला फेऱ्या मारून आली होती. धर्मा युनियनचा पुढारी, भाषण त्याचंच.

मी बसले ती माझ्या कामासाठी. थोरला गेला, त्याची बायको दमयंती दोन पोरं घेऊन माझ्या जिवावर. मी गिरणी सोडायची आणि माझ्या जागी तिला लावायची, असं कधीचं ठरलेलं.

"उद्या दमीला गेटवर नेते रे."

धर्मा काच पुसायला लागला. "ते आता जमायचं नाय."

"का? काय खोट आहे तिच्यात?"

"नवी मशिनं आली. तिन्ही पाळ्या चालणार. रात्रपाळीला बायका कायद्यात बसत नाहीत. खात्यात सगळे गडीच घेणार. कालच कबूल केलं आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

"युनियननं. मी पण होतो. गड्यांच्या नोकऱ्या तरी वाचल्या."

"ही वर फिरत होती तेव्हा तिथं रात्र पडत नव्हती काय रे?"

"आये, रशियाचं वेगळं."

"आणि मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून मोर्चात पोलिसाची लाठी ह्या खांद्यावर घेतली, तेव्हा कुणी म्हटलं नाय, बाई आहेस, घरी जा म्हणून."

"हळू बोल. माणसं ऐकतायत."

शेजारची सुंदराबाई ऐकतच होती. "सखुबाय, लेक पुढारी झाला. पेढे कधी?"

"तुझ्या तेराव्याला."

धर्मा बाकड्याजवळ उभा राहून गरजला, "ह्या फोटोत आपल्या गिरणीतली प्रत्येक बाई आहे!" लोकांनी चाळ डोक्यावर घेतली. मग त्यानं झेंडूचा हार माझ्या हातात दिला. "घाल फोटोला."

सुंदराबाई पुटपुटली, "अगं बाई, जित्या माणसाच्या फोटोला हार?"

खरं होतं. आमच्यात हार चढतो तो मेलेल्याच्या फोटोला. युनियनच्या पोरांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"गिरणीतली प्रत्येक बाई आहे म्हणालास ना?" मी धर्माला विचारलं.

मी हार घातला. डोक्यावर पदर घेतला आणि खाली वाकून नमस्कार केला. माझं बघून सुंदराबाईनंही पदर घेतला. एकेक करत वायंडिंगातल्या सगळ्या उठल्या.

मागं दमयंती, पोराला मांडीवर घेऊन, टाळ्या वाजवत होती. तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.