हाराखालचा चेहरा

भूकंपाला पंचवीस वर्षं होत आली होती. लातूरला क्लासेसच्या गल्लीत साक्षी आणि हुमा एका खोलीत राहत होत्या. हुमाला सर्चमधल्या खाचाखोचा पाठ. शब्द अवतरणात टाकले की नेमके तेच शब्द असलेली पानं येतात. वजा चिन्ह लावलं की नको ते गळतं. एकदा तिने ‘लातूर’ टाकून ‘क्लास’ वजा केलं. उरला तो बहुतेक भूकंप.

“तुझं गाव निघालं बघ,” हुमा म्हणाली.

“जुनं गाव,” साक्षीने दुरुस्त केलं. तिचा जन्म पुनर्वसनाच्या घरातला. तिथे भिंतीवर सिंधू आत्याचा फोटो होता. आठेक वर्षांची मुलगी, दोन वेण्या, वर चंदनाचा हार. आत्या भूकंपात गेली. साक्षी हुबेहूब तिच्यावर गेलीय, असं सगळे म्हणत. त्या फोटोचा फोटो तिने मोबाईलमध्ये ठेवला होता.

हुमाने तो चित्रावरून शोधायला टाकला. आले ते श्रद्धांजलीचे फोटो, एकाखाली एक, अनोळखी मेलेली माणसं.

“हार बघून शोधून राहिलंय ते,” हुमा म्हणाली. तिने चौकटीचे कोपरे आत ओढले आणि नुसता चेहरा ठेवला.

आता एकच फोटो आला. तोच, हाराशिवाय. पान धर्माबादच्या एका शाळेचं होतं. शिवगंगा नावाच्या शिक्षिकेने लिहिलं होतं की, ही मी. भूकंपाच्या रात्री मामाकडे होते म्हणून वाचले. फोटोची एक प्रत मामाकडे राहिली, दुसरी आमच्या घराबरोबर गेली.

हुमाने मोबाईल पालथा ठेवला.

साक्षी रविवारी एसटीने गावी गेली. आजीला, गुणाबाईला, सांगावं की नाही, हे वाटेत ठरलं नाही. आजीकडे लेकीचं तेवढंच उरलं होतं. शेवटी तिने पान उघडून पुढे धरलं आणि वाचून दाखवलं.

गुणाबाई दचकली नाही. सिंधूचा फोटो कधी काढलाच नव्हता, असं तिने सांगितलं. ढिगाऱ्यातून निघालेले फोटो तंबूत ताडपत्रीवर मांडले होते, ज्याचे त्याने ओळखून न्यावेत म्हणून. बाया आपापले उचलत होत्या. तिनेही एक उचलला, त्यातल्या त्यात लेकीसारखा दिसणारा.

मग तिने विचारलं, “ही जिती हाय?”

“हाव, आजी.”

“जित्या लेकराला हार घालून ठिवला मी.”

तिने लगेच फोटो उतरवला, हार काढला, काचेवरचं कुंकू पदराने घासून पुसलं. फोटो मास्तरणीला पोचता कर, म्हणाली. भिंतीवर खिळा आणि फिकट चौकोन राहिला.

“हितं उभी ऱ्हा,” ती साक्षीला म्हणाली.

साक्षी खिळ्याखाली उभी राहिली. गुणाबाई तिचं तोंड निरखत राहिली.

“न्हाई. सिंधू अशी न्हवती.”

“मग कशी होती?”

गुणाबाईने डोळे मिटले. उघडले. पुन्हा डोळे घट्ट मिटून घेतले. हार तिच्या हातातच होता.

“ह्या मास्तरणीचंच तोंड येतंय,” ती म्हणाली.