बिस्किटांच्या डब्यातला बल्ब

मेधाच्या मनात प्रत्येक माणसाचं एक खातं उघडलेलं असे. मदतीला कोण धावतं आणि धावताना कुणी बघतंय का याकडे कुणाचं लक्ष असतं, डबा परत करताना कोण रिकामा देतं आणि कोण त्यात चार लाडू घालून देतं, सगळं तिथे मांडलेलं. बोलून दाखवायची नाही, पण विसरायचीही नाही. नवऱ्याचंही खातं होतंच. प्रतापच्या बाजूला भांडी घासणं जमा होतं, बर्फात गाडी खरवडून देणं जमा होतं. कोंबड्यांपुढे मात्र काहीच नव्हतं.

कोंबड्या त्यांच्या नव्हत्या, शेजारच्या डेलियाच्या होत्या. कासलबार या आयरिश गावाच्या बाहेर, रस्त्यावरचे दिवे संपतात त्याच्याही पुढे, दोन घरं शेजारी शेजारी उभी होती. एक भाड्याचं, मेधा आणि प्रतापचं. दुसरं डेलियाचं, आणि त्याच्या मागच्या अंगणात शेड नि खुराडं. डेलिया ऐंशी ओलांडलेली, एकटी, जिभेने तिखट. नोव्हेंबरात मागच्या पायरीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. अॅम्ब्युलन्समध्ये चढवत होते तेव्हा तिने मेधाचा हात पकडला.

"माझं मरू दे. माझ्या बायांकडे बघ."

बाया म्हणजे सात कोंबड्या. त्यातली एक गोल, काळी, पोट पुढे काढून संथ चालणारी. तिचं नाव बिशप.

मेधा कोथरूडची. कोंबडीशी तिचा संबंध ताटातसुद्धा आला नव्हता. पण थंडीत कुणाला काही खायला घालायचं तर गरम आणि मऊ घालावं, एवढं तिला घरून ठाऊक होतं. पहिल्या कडक थंडीत तिने खाद्य कोमट पाण्यात कालवलं, त्यात आदल्या रात्रीचा भात कुस्करला, आणि प्रेमाने थाळा भरून ठेवला. कामाला जायच्या आधी डोकावून बघते तर थाळ्यात वीट! बिशप त्या विटेवर टक टक चोच आपटत होती आणि बाकीच्या सहा जणी मेधाकडे बघत होत्या.

हे तिने डेलियाला सांगितलं तेव्हा डेलिया इतकी हसली की नर्स धावत आली. मेधा हॉस्पिटलच्याच लॅबमध्ये कामाला. जेवणाच्या सुट्टीत एक जिना चढला की डेलियाचा वॉर्ड.

"खाद्य कोरडं घालायचं, बाई! कोरड्याला थंडी काय करणार? पत्र्याच्या पिंपात ठेव, झाकण घट्ट लाव, आणि संध्याकाळी मूठभर मका टाक. मका पोटात गेला की रात्रभर शेगडी पेटती राहते. सांभाळायचं ते पाण्याला. चोच ओली झाली नाही तर दाण्याला तोंड लावणार नाहीत."

पाण्यासाठी काळं रबराचं घमेलं होतं. गोठलं की उलटं करून पिळायचं. बर्फाची चकती भाकरीसारखी सुटून खाली पडते. मग कोमट पाणी घालायचं. उकळतं नाही, कोमट. मेधा अंधारात उठून किटली घेऊन जायची आणि कामावरून आली की पुन्हा.

दुपारी डेलियाचा ठरलेला प्रश्न. "पाणी गोठलं होतं?"

"गोठलं होतं. फोडलं."

"ग्रँड," म्हणायची आणि मगच सूपला हात लावायची. सेंट ब्रिजिडच्या दिवसापर्यंत घरी जायचं, असं तिने स्वतःशी ठरवलं होतं. फेब्रुवारीचा पहिला दिवस, तिकडे तो वसंताचा धरतात, कोंबड्या पुन्हा अंड्यावर येतात. वॉकर धरून ती खिडकीपर्यंत पोचायला लागली होती. "त्या माझी वाट बघतायत म्हणून चालतेय. नाहीतर कोण जातंय त्या खिडकीत पार्किंग बघायला?"

आणि एका शनिवारी प्रताप आपणहून म्हणाला, "रोज काय ती किटली? मी करतो काहीतरी."

केलंही. नाताळच्या बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, त्याला भोक पाडून आत बल्ब बसवला आणि डब्यावर पाण्याचं भांडं ठेवलं. सकाळी पाणी दगड. सॉफ्टवेअरवाल्या हुशार माणसाने एलईडी लावला होता. प्रकाश लख्ख, ऊब शून्य. मेधाने डेलियाच्या शेडमधून जुना तारेचा बल्ब शोधून आणला, तो शेडमधल्याच प्लगवर चालू केला, आणि त्यानंतर पाणी गोठलं नाही. दुपारचं उत्तर बदललं. "नाही गोठलं." डेलियाने त्या दिवशी पाव मागून घेतला.

मेधाने ते प्रतापच्या नावावर जमा केलं.

जानेवारी लागला तसा त्याने कडी केली. पन्नास मीटरची जाड केबल मागवली आणि आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट डेलियाच्या खुराड्यापर्यंत ओढली.

"अरे, तिथे प्लग आहे की!"

"तिच्या मीटरवर कशाला? बिचारी हॉस्पिटलमध्ये आहे. आपल्या घरातून जाऊ दे."

मेधाला भरून आलं. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि हा माणूस आपण अर्धाच वाचला, असं तिला वाटलं. त्याच संध्याकाळी नाशिकहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. केबलचं कौतुक तिने त्यांनाही सांगितलं.

"हो का? बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "अगं, त्या म्हातारीच्या घराचं दार कुठल्या दिशेला गं?"

"पूर्वेला असावं, आई. सकाळी ऊन येतं. ऊन आलं तर."

"वा वा. पूर्वेला उत्तम."

म्हाताऱ्या माणसांच्या चौकशा, म्हणून मेधाने सोडून दिलं. त्या चौकशीचं खातं उघडायला हवं होतं.

पुढच्या मंगळवारी, केबलचं कौतुक ऐकून झाल्यावर, डेलिया म्हणाली, "माझा तपकिरी स्वेटर आणशील? हॉट प्रेसमध्ये, वरच्या फळीवर आहे." हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, त्यात कपडे उबदार राहतात. मेधाकडे किल्ली होती. साडेचारला काळोख पडत आलेला. तिने डेलियाचं मागचं दार उघडलं आणि दिव्याचं बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. फ्रिज गप्प होता, त्याचं दार उघडं, आत पुसून घेतलेलं. हॉट प्रेस गार. स्वेटर घडी घालून होता तिथेच, थंडगार. वीज गेली असेल म्हणून तिने खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. बाजूला तिच्या स्वतःच्या घरात दिवे, लांब गावातही दिवे. आणि मागच्या अंगणात, खुराड्यात, बिस्किटांच्या डब्याच्या भोकातून पिवळा उजेड पडत होता. बिशप पाणी पीत होती.

मेधा स्वेटर छातीशी धरून उभी राहिली. या घराची वीज कुणीतरी तोडायला लावली होती. आणि ती तुटायच्या आधी प्रतापची केबल आली होती.

प्रताप घरीच, लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होता. तिने त्याचा लॅपटॉप बंद केला, हळूच, पुस्तक मिटावं तसा.

"अगं, क्लाएंट होता!"

"डेलियाची वीज तोडणार आहेत, हे तुला कधी कळलं?"

तो तिच्या हातातल्या स्वेटरकडे बघत राहिला. खोटं बोलणारा माणूस आधी वस्तूकडे बघतो, मग माणसाकडे.

"पॉड्रिगने सांगितलं." पॉड्रिग म्हणजे डेलियाचा मुलगा, गॉलवेला असतो. "रिकाम्या घराची वीज चालू ठेवून काय करणार? हे बघ, मी तुला सांगणारच होतो. प्रॉमिस. घर आपण घेतोय, मेधा. डेलियाचं."

"डेलिया कुठे राहणार?"

"ती काही परत येत नाहीये गं. जिना आहे, पायऱ्या आहेत. तो तिला गॉलवेला नर्सिंग होममध्ये ठेवतोय. घर कधीचं त्याच्या नावावर आहे. सगळं लीगल आहे."

"तिला माहीत आहे?"

"तो सांगणार आहे. ख्रिसमस जाऊ दे म्हणाला."

"ख्रिसमस गेला. आणि तू कशाला थांबलायस?"

"आई म्हणाली, पौष आहे. पौषात बोलायचं नाही. सही मार्गशीर्षात झालीये, शेवटच्या गुरुवारी. दिवस चांगला होता."

शेवटचा गुरुवार! त्या दिवशी तो रसमलाई घेऊन आला होता. 'कशाबद्दल रे?' तिने विचारलं होतं. 'असंच, तुझ्यासाठी,' म्हणाला होता. तिने तेही जमा करून ठेवलं होतं.

एकाला नाताळ आडवा आला आणि दुसऱ्याला पौष. दोन्ही देवांच्या आड दोन पुरुष छान लपले होते.

"म्हणजे नाशिकला ठाऊक, गॉलवेला ठाऊक. आणि मी रोज दुपारी वर जाऊन त्या बाईला सांगतेय, 'पाणी गोठलं नाही, तू फक्त चाल.'"

"तेच तर चांगलं झालं ना! पॉड्रिग म्हणाला, कोंबड्या ठीक आहेत तोवर ती शांत असते. उगाच आधी बिथरायला नको. म्हणून तर मी बल्बचं केलं, केबल आणली..."

बोलून गेल्यावर त्यालाही ऐकू आलं.

मेधाच्या डोळ्यांपुढे त्या डब्याच्या भोकातला पिवळा उजेड आला. तो पाण्यासाठी नव्हताच. डेलियाला गुंगीत ठेवायचं होतं, आणि ते औषध चमच्याने भरवायला मेधाची नेमणूक होती.

"तुलाच हवं होतं ना स्वतःचं घर?" प्रताप हळू आवाजात म्हणाला. "मी तुझ्यासाठीच..."

"मला घर हवं होतं. त्या बाईला गुंगीत ठेवायची नोकरी नको होती."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वेटर घेऊन वॉर्डमध्ये गेली. रात्रभर तिने घोकून ठेवलं होतं: मुलाने सांगायला हवं, आपण कोण? पण डेलिया खिडकीपाशी उभी होती, वॉकरला एकच हात लावून, आणि हसत म्हणाली, "बघ, एका हाताने. पाणी गोठलं होतं?"

'नाही' हा शब्द ओठावर आला. तोच शब्द, रोजचा, सवयीचा. मेधाने तो गिळला.

"डेलिया, बस जरा. घर विकलंय. पॉड्रिगने. आम्हाला."

डेलिया बसली. बराच वेळ तिने स्वेटरची बटणं एकेक करून लावली, अंगात न घालताच.

"तुम्हाला."

"मला काल कळलं. खरंच काल."

डेलियाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मेधाने आयुष्यभर माणसं जोखली होती; आपल्याला जोखताना समोरचा माणूस कसा दिसतो, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. रोज येणारी शेजारीण. घराची किल्ली जिच्याकडे. जिच्या घरातून केबल माझ्या अंगणात. जिच्या नवऱ्याने घर घेतलं. काल कळलं म्हणते. मेधा स्वतः त्या खुर्चीत असती तरी तिचीही बेरीज हीच आली असती.

"कोंबड्यांचं तू फार छान केलंस," डेलिया म्हणाली. आवाज अगदी नीट, पाहुण्यांशी बोलावा तसा. "थँक्स अ मिलियन. जाताना तेवढा पडदा ओढशील?"

सूप तसंच होतं. मेधाने पडदा ओढला.

संध्याकाळी ती घरी आली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जाऊन तिने केबल उपटली. खुराड्यातला उजेड विझला. कोंबड्या जराशा कुरकुरल्या. तिने मूठभर मका टाकला आणि डबा, बल्ब, भांडं उचलून रबराचं घमेलं जागेवर ठेवलं. केबल गुंडाळत गुंडाळत आत आली तो दारात प्रताप.

"मेधा, वेडी आहेस का? उणे पाच होणार आहे आज. पाणी गोठेल ना!"

"गोठू दे. सकाळी फोडीन."

"पण कशासाठी? आता तर त्या आपल्याच..."

"त्या डेलियाच्या आहेत," ती म्हणाली आणि केबलचं भेंडोळं त्याच्या हातात दिलं. "आणि उद्या मी वर जाणार आहे. तिने पडदा उघडला नाही तर बाहेरूनच सांगीन. गोठलं तर गोठलं म्हणून सांगीन."

सकाळी खरोखरच गोठलं. तिने घमेलं उलटं करून पिळलं. चकती सुटून गवतावर पडली. जाड, पांढरी, मध्ये बिशपचं एक काळं पीस अडकलेलं. मेधाने किटली ओतली. वाफेत सातही माना खाली वाकल्या. समोर, आपल्याच घराच्या खिडकीत, हातात चहाचा कप घेऊन प्रताप उभा होता. त्याने हात हलवला.

तिला दुसरी किटली आणायला जायचं होतं, आणि त्यासाठी त्याच दारातून आत जावं लागणार होतं. ती गेली. किटली भरली, आणि त्याला वळसा घालून परत कोंबड्यांकडे आली.