वांग्यांची पावती

"तुले सही कराले कोनी सांगेल व्हतं?" सुमनबाईने पऱ्हाटीची मोळी अंगणात आपटली.

तिचा नवरा जीवराम सुटलेल्या कपाशीच्या काड्या गोळा करू लागला. घरकुलाच्या यादीतून त्याचं नाव उडालं होतं. नऊ वर्षं वाट पाहून ते यंदा चौथ्या नंबरावर आलं होतं. कागदावर कारण एवढंच: अर्जदाराने निवडणूक प्रचाराला एकावन्न हजारांची देणगी दिली आहे, सबब तो गरीब नाही.

गोष्ट पौषातली. जिल्हा परिषदेला उभे राहिलेल्या रुपचंद नानांच्या माणसांनी जीवरामच्या बिघाभर वावरात भरीत केलं. पऱ्हाटीच्या जाळावर दीड क्विंटल वांगी भाजली, चारशे माणूस जेवलं. सकाळी नानांचा हिशेब पाहणारा रतिलाल आला.

"वांगासना कितला पैसा, जीवरामभो?"

जीवरामला राग आला. "मन्हा वावरमा बठीसन खादं, तेन्हा पैसा लेऊ का? पाहुनाले कोनी बिल देस?"

वावरात खाल्लेल्या भरताचा पैसा त्या शिवारात कुणी घेत नाही. रतिलालने हसून पावतीबुक पुढे केलं. "मंग भेट दिधी म्हनीसन सही कर. आते बठ्ठा हिशेब सरकारले दखाडना पडस."

"आकडा?"

"तो मी टाकसू."

निवडणूक झाली. हिशेब तालुक्याच्या कचेरीत फळ्यावर लागला. विरोधी गटाच्या रोहिदासने तो वाचला आणि नानांना सोडून जीवरामवर तक्रार टाकली.

जीवराम कचेरीत गेला. फळ्यावर बेचाळीस देणगीदार होते. सालदार, मेंढपाळ, दोन विधवा. वाळूचे ठेकेदार, ज्यांच्या दहा गाड्या महिनाभर प्रचारात धावल्या, त्यांच्यातला एकही नव्हता.

"वाळूवाला कोठे शे, साहेब?"

"त्यांच्या नावाची पावती नाही, आबा. ही सही तुमचीच ना?"

"शे. पन मी वांगा दिधात."

"मग साक्षीदार आणा. जेवलेला एक माणूस चालेल."

"चोर सोडी संन्यासीले फाशी," घरी सुमनबाई म्हणाली. "जाय, पुनाकडे जाय. त्यानी तीन डाव वाढी लिधं व्हतं."

पुना मेंढपाळ चुलीपाशी बसला होता. सगळं ऐकून त्याने आधी दार लोटलं.

"मन्हं बी नाव शे फळावर. एकवीस हजार."

"तू इतला पैसा कवय दिधात?"

"मन्हा मेंढासना वाडामा नाना बठेल व्हता. दोन बकरा कापात. तुन्हासारखीच सही करी." पुनाने आवाज उतरवला. "मन्हं राशनकार्ड आजून कटेल नही, जीवरामभो. तू बोंब मारशी तं बठ्ठा बेचाळीस जनसनं निंघी. तुन्हं घर तं गयंच. मन्हा तोंडना घास कसाले काढस?"

जीवराम उठायला लागला, तसा पुनाने त्याच्यापुढे ताट सरकवलं. भाकर आणि तेलाची धार सोडलेलं भरीत.

"जेवी ले. असा नको जाऊ."

जीवराम परत खाली बसला.

"सही कोठे करू?" त्याने विचारलं.

पुना हसला नाही.