कापडाचा चौथा कोपरा

"ताडपत्रीखाली नको," डेल्फिन म्हणाला. "पेटी बाहेर घ्या, उन्हात."

ज्यांनी नुकतीच शवपेटी खांद्यावरून उतरवली होती ती चार माणसे घाम पुसता पुसता थांबली आणि त्याच्याकडे बघू लागली. सूर्य बरोबर डोक्यावर होता. दफनभूमीतल्या चुन्याने रंगवलेल्या थडग्यांवरून ऊन उसळी मारून डोळ्यांत घुसत होते. मोठे झाड मागच्या वादळात पडले होते. आता सावली होती ती एवढीच, चार बांबूंवर ताणलेल्या निळ्या ताडपत्रीची.

"नोंग डेल्फिन, डोकं ठिकाणावर आहे ना?" मृत बाईचा मुलगा झोसिमो म्हणाला. काळ्या कोटात तो लाल झाला होता. "मला वाटलं होतं, कतार सोडून आलोय तर इथं जरा गार वाटेल."

"इथं फोटो काढला तर नानाय निळी दिसेल." डेल्फिनने कॅमेऱ्याचा पडदा त्याच्यापुढे धरला. "आणि तुम्ही सगळेही. बुडून वर आल्यासारखे. बघा."

झोसिमोने पाहिले आणि कोटाचे बटण लावले. "घ्या रे बाहेर."

पेटी बाहेर आली. वरचे अर्धे झाकण उघडे होते आणि काचेखाली नानाय कॉन्सोर्सिया, म्हणजे या भावंडांची आई, झोपली होती, तिच्या आवडत्या जांभळ्या पोशाखात. अंत्यविधीवाल्यांनी तिच्या चेहऱ्यावर जरा जास्तच पावडर लावली होती. ताडपत्रीखाली ते जाणवले नव्हते. उन्हात आणताच चेहरा चुन्याच्या भिंतीसारखा पांढरा फटक झाला. काचेत आभाळ चमकू लागले. पेटीभोवती मुले, सुना, नातवंडे उभी राहिली आणि डेल्फिनने कॅमेरा डोळ्याला लावला. प्रत्येकाच्या भुवयांखाली दोन काळे खड्डे होते, नाकाखाली काळा डाग होता. जिवंत माणसांच्या नुसत्या कवट्या दिसत होत्या.

एरवी तो अशा वेळी म्हणायचा, चार वाजता या. चार वाजता याच जागी ऊन मधासारखे पसरते आणि कुणीही देखणे दिसते. पण पाद्रींना चार वाजता दुसरे दफन होते. नानायची मुलगी व्हँजी हिचे विमान रात्री होते. मिलानमध्ये ती ज्या म्हातारीची देखभाल करत होती, त्या म्हातारीच्या मुलाने याहून जास्त रजा दिली नव्हती. धाकट्या पोल्दोचे जहाज बंदराला लागेपर्यंत नानायला घरात थांबवून ठेवले होते, आणि तोही उद्या परत जहाजावर चढणार होता. ही भावंडे बापाच्या दफनानंतर आज प्रथमच एका जागी उभी होती. पुढच्या वेळी एकत्र जमायला आई उरली नव्हती.

"लवकर काढा ना," व्हँजी म्हणाली. तिचे डोळे रडून आधीच सुजले होते, आता ते उन्हाने मिटत होते. "कसाही येऊ दे."

"कसाही कसा येऊ दे? हा तुम्ही भिंतीवर लावणार." डेल्फिन इकडेतिकडे पाहू लागला. "मोठं पांढरं कापड आहे का कुणाकडे? वर धरलं की ऊन गाळून येईल. डोळे दिसतील सगळ्यांचे."

ताडपत्रीखालच्या लांब टेबलावर कॉफीचे कप आणि बिस्किटांचे डबे मांडले होते. टेबलामागे थोरली बहीण हर्मिनिया उभी होती. ती दफनाला आलेल्यांना कॉफी देत होती. तिने काही न विचारता कप एकात एक ठेवले, डबे जमिनीवर उतरवले आणि टेबलावरचे कापड झटकन ओढून काढले. एका कडेला कॉफीचा डाग होता. तो तिने आतल्या बाजूला दुमडला.

"हे चालेल?"

"पळेल, मानांग," डेल्फिन म्हणाला. मानांग म्हणजे ताई, जसे नोंग म्हणजे दादा. हर्मिनिया साठीच्या पुढे गेली होती आणि गावातली लहानथोर सगळी माणसे तिला मानांग मिनिंगच म्हणत.

कबर खणणाऱ्यांपैकी तिघांनी कडेला पडलेले बांबू उचलले आणि कापडाचे तीन कोपरे बांबूंच्या टोकांना बांधले. चौथा माणूस सिमेंट कालवत होता. आता थांबलो तर ते घट्ट होईल, असे तो तिथूनच ओरडला. चौथा कोपरा लोंबकळत राहिला. हर्मिनियाने चौथा बांबू उचलला.

"मानांग, तुम्ही पुढे पाहिजेत. डोक्याशी, पेटीजवळ."

"आधी यांचा काढा. मग मी येते. मी काय पळून जातेय?"

कापड वर गेले. आणि खरोखरच काहीतरी बदलले. उन्हाचा जोर कापडावर अडला आणि खाली दुधासारखा मऊ उजेड उतरला. नानायच्या चेहऱ्यावरची पावडर जणू त्वचेत मुरली. काचेतले आभाळ नाहीसे झाले आणि ती स्पष्ट दिसू लागली. व्हँजीने डोळे उघडले, आईकडे पाहिले, आणि तिच्या तोंडून हुंदका आला.

"आता रडू नको गं," पोल्दो पुटपुटला. "फोटोत नाक लाल येईल."

"तुझं नाक बघ आधी," व्हँजी म्हणाली, आणि रडता रडता हसली. झोसिमोही हसला. त्याने एक हात पेटीच्या कडेवर ठेवला, दुसरा पोल्दोच्या खांद्यावर. डेल्फिनने तोच क्षण टिपला. आणखी एक. आणखी एक. वाऱ्याने कापड फुगले तेव्हा हर्मिनियाने दोन्ही हातांनी बांबू छातीशी आवळला. तिच्या पायाशी बांबूच्या बुडाने रेतीत खळगा पडला होता.

"आता मानांगना घेऊ," डेल्फिन म्हणाला. "कुणीतरी त्यांच्या जागी—"

तेवढ्यात पाद्रींच्या मदतनिसाने घंटा वाजवली. पाद्री पवित्र पाण्याचे भांडे घेऊन थडग्यांमधून येत होते. लोक हलले, पोरे रडू लागली, कुणीतरी फुलांची चक्रे उचलली. कापड खाली आले. ते हर्मिनियाने तिथल्या तिथे घडी करून काखेत धरले आणि पेटीचे झाकण बंद होताना ती गर्दीत मागे, तिसऱ्या की चौथ्या रांगेत होती. डेल्फिनला तिचा फक्त काळा रुमाल दिसला.

दफनानंतरच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्यावर हर्मिनिया फोटोंच्या प्रती घ्यायला दुकानात आली. बाजारातून येताना आली होती. हातातल्या पिशवीत सुके मासे आणि भाजी होती. डेल्फिनचे दुकान चर्चच्या समोर होते. आत बसायला एक बाक, एक स्टूल आणि मागे निळी भिंत, जिच्यासमोर परदेशी जाणाऱ्यांचे पासपोर्टचे फोटो निघत. व्हँजीचाही इथेच निघाला होता.

डेल्फिनने मोठी प्रत तिच्यापुढे ठेवली. हर्मिनियाने हात पदरासारख्या लोंबणाऱ्या झग्याच्या कडेला पुसले आणि मग फोटो धरला.

"नानाय किती शांत दिसतेय," ती म्हणाली. "आणि व्हँजी हसतेय. बघा ना, नोंग, पोल्दोचे दात अगदी बाबांसारखे."

"हो."

"हे किती दिवसांनी हसले असतील तिघं एकत्र."

डेल्फिनचा फोन टेबलावरच होता. त्याच वेळी त्यावर व्हँजीचा संदेश आला. त्याने आदल्या रात्री फोटो तिला पाठवले होते. पडदा उजळला तेव्हा दोघांनीही तो वाचला. 'नोंग, फोटो फार सुंदर आलेत. फ्रेम करणार आहे. फक्त एक करा, उजव्या कडेला कुणाचा तरी हात आलाय बांबू धरलेला. तो काढून टाकता येईल का? त्यानं सगळं बिघडतंय.'

डेल्फिनने फोन उचलला. लिहायला लागला: 'तो हात—'

हर्मिनियाने त्याच्या मनगटावर बोट ठेवले. "पुसून टाका ना. किती वेळ लागतो त्याला?"

"वेळेचा प्रश्न नाही, मानांग."

"तिला कळलं की तिथं एकटी बसून रडेल. म्हातारीचं सगळं करून, तिला झोपवून, मग रडेल. कशाला?" ती फोटोतल्या हाताकडे पाहत होती. बोटांची पेरे पांढरी पडली होती, इतका घट्ट धरला होता बांबू. "तसाही काही देखणा नाही तो."

डेल्फिन संगणकाशी बसला. मनगट गेले, मग बोटे गेली, मग बांबू. त्यांच्या जागी त्याने आभाळ भरले. हर्मिनिया मागे उभी राहून बघत होती.

"बघा, काही कळतसुद्धा नाही," ती म्हणाली.

त्याने त्या दिवसाचे आणि आदल्या रात्रींचे सगळे फोटो उघडले आणि एकेक सरकवू लागला. शवाभोवती जागणारी माणसे, पत्ते खेळणारे शेजारी, मेणबत्त्या, भाताच्या पेजेचे वाडगे. एका फोटोत हर्मिनियाची पाठ होती. एकात ताटाखाली तिचे हात. एकात दाराच्या फटीत तिचा अर्धा गाल. चेहरा कुठेच नव्हता. त्याने पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

"काय शोधताय?"

"काही नाही. मानांग, इकडे या. तुमचा एक काढतो."

"माझा?" ती हसली. "माझ्या पेटीवर लावायला? इतक्यात नाही हो मरत मी."

"या तर खरं."

"सुके मासे घेऊन? आणि बाहेर ऊन बघा कसं आहे. त्या दिवशी सगळ्यांना भुतांसारखं केलंत तसं कराल."

"उन्हात नाही. इथं, उंबऱ्याच्या आत बसा."

त्याने स्टूल दारात ठेवले, उन्हाची रेघ जिथे संपत होती तिथून हातभर आत. बाहेर रस्ता तापून थरथरत होता. समोरच्या चर्चच्या पांढऱ्या भिंतीवर पडलेला उजेड परत येऊन दारात शिरत होता. तो आता उन्हासारखा धारदार नव्हता. हर्मिनिया बसली. डोक्याचा काळा रुमाल कपाळावर सावली टाकत होता. डेल्फिनने तो काढायला सांगितला. तिने काढला, आणि केस मोकळे होऊन खांद्यावर आले. ते तिने कानामागे सारले.

"हात कुठं ठेवू?"

"मांडीवर."

हात मांडीवर नीट राहिनात. तिने ते एकमेकांत गुंतवले, सोडवले, पुन्हा गुंतवले.

"आणि बघू कुठं?"

"बाहेर," तो म्हणाला. "रस्त्याकडे. कुणी येतंय असं समजा."

तिने रस्त्याकडे पाहिले. चेहऱ्यावरच्या रेषा त्या परतलेल्या उजेडात विरल्या, डोळ्यांखालचा थकवा निवळला. ओठांचे कोपरे किंचित वर गेले, पण ते हसू नव्हते. डेल्फिनने एकच फोटो काढला. दुसऱ्याची गरज नव्हती.

तिला न सांगता त्याने तो व्हँजीला पाठवून दिला. सोबत काही लिहिले नाही. हात पुसलेला फोटो आधी गेला, त्याच्या खाली हा. बघू दे तिला, असे त्याच्या मनात होते. आपोआप कळू दे.

हर्मिनिया रुमाल बांधत होती तेव्हा उत्तर आले. मिलानमध्ये पहाट असणार.

'नोंग! हा फोटो कुठं सापडला तुम्हाला? मी मिलानला निघाले त्या वर्षीची नानाय आहे ही. अशीच दारात बसली होती, केस मोकळे सोडून. मी मागे वळून पाहिलं होतं. पेटीवर आम्ही हाच लावायला हवा होता. किती तरुण दिसते. मानांगना एक प्रत द्या, त्यांना खूप आवडेल.'

डेल्फिनने ते दोनदा वाचले. मग फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"काय म्हणते?" हर्मिनियाने विचारले. "हात गेला ना नीट?"

"गेला."

"आणि?"

"तुमचाही फोटो पाठवला होता मी." तो प्रिंटरमध्ये कागद घालत होता, त्यामुळे त्याची पाठ तिच्याकडे होती. "छान आलाय म्हणते. तुम्हाला एक प्रत द्यायला सांगितलंय."

हर्मिनियाचे रुमालाला गाठ मारणारे हात थांबले.

"माझ्या एकटीचा?" ती म्हणाली. "तिनं सांगितलं?"

"हो."

तिने भाजीची पिशवी पुन्हा खाली ठेवली आणि बाकावर बसली.

"मग थांबते," ती म्हणाली.