इर्जिकीतला प्रोग्राम

कोणी मानणार नाही, पण कुडवा गावच्या तिलकनं घरी बसून लिहिलेला प्रोग्राम काठमांडूपासून ढाक्यापर्यंतच्या दुकानांत चालत होता, आणि गल्लीत मात्र त्याला सगळे रिकामटेकडा म्हणत. स्वस्तातल्या प्रिंटरवर पावती छापताना आपापल्या लिपीतली अक्षरं काना-मात्रा न तुटता उमटावीत, एवढंच त्या प्रोग्रामचं काम. कोणीही फुकट घ्यावा, सुधारावा, परत द्यावा.

"इर्जिकीसारखं आहे बाबूजी, एकाच्या शेतात सगळे मिळून राबतात," तिलक वडिलांना सांगे.

"इर्जिकीत माणूस संध्याकाळी जेवून तरी येते," लक्ष्मीचंद म्हणाले. "तुले कोण जेवू घालून राहिला?"

दोन वर्षं एकही नोकरी लागली नाही. मग २०११च्या दिवाळीनंतर पुण्याच्या एका कंपनीनं तोच प्रोग्राम पाहून त्याला निवडलं. आईनं, रामबाईनं, गल्लीभर पेढे वाटले. पेढे वाटून झाल्यावर साहेबाचा फोन आला: नोकरीत असेपर्यंत घरी लिहिलेली ओळही कंपनीची. तो फुकटचा प्रोग्राम आजपासून बंद. करारावर सही करून संध्याकाळपर्यंत पाठव.

"सर, त्याच कामावरून तर मला घेतलं."

"म्हणूनच," साहेब म्हणाला. "आता ते हात आमचे."

तिलकच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या कोणी प्रोग्राम सांभाळावा म्हणून त्यानं दिवसभर चहूकडे विचारून पाहिलं. वापरणारे शेकड्यांनी, पुढे कोणी येईना. नेपाळच्या एका दुकानदारानं तेवढं उलट विचारलं, "पावती बिघडली तर आम्ही कोणाकडे जायचं?" स्वयंपाकघरात आई त्याच्या प्रवासाचे लाडू वळत होती. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होईना.

शेवटी गडी उठला, लॅपटॉप घेऊन तलावाच्या पाळीवर गेला आणि कंपनीला 'नाही' असं लिहून मोकळा झाला. त्याबरोबर देशोदेशींहून शाबासकीच्या इतक्या चिठ्ठ्या आल्या, की लॅपटॉप तव्यासारखा तापला. थंड करायला पाण्यात धरला, तर तलावाला उकळी फुटली. वेलीवरचे शिंगाडे जागच्या जागी शिजले, सारा कुडवा पोटभर जेवला. अन् तिसऱ्या दिवशी विलायतेची कंपनी त्याच्या दारात...

"बस करा, मुन्नालालकाका," गोष्ट ऐकत बसलेल्यांतून तिलकची बहीण रिंकी बोलली. "कायले खोटं सांगून राहिले? भाऊनं सही घरीच केली, आईसमोर. पाळीवर गेला तो मंग, त्या नेपाळवाल्याले उत्तर लिवाले. अंधार पडेपर्यंत बसला अन् काहीच न लिवता घरी आला."