निळे डाग आणि चोरीचा पेरू

तोफ ही वहिनीची सख्खी धाकटी नणंद, आणि दोघींचं सख्य विळ्याभोपळ्याचं. वृद्धाश्रमात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण दोघी तिथेच कामाला होत्या. वहिनी तळमजल्यावर स्वयंपाकघर सांभाळायची, आणि तोफ वरच्या मजल्यावर म्हाताऱ्या माणसांना उठवणं, न्हाऊ घालणं, खुर्चीत बसवणं हे काम करायची. तोफ हे नाव तिच्या आवाजावरून पडलं होतं. जिन्यातून तिने "वहिनी, सूप पाठवा!" म्हणून हाक मारली की खाली पातेल्यांवरची झाकणं वाजतात, असं बँडवाले आजोबा शपथेवर सांगत. तिचं ऐकून ऐकून अख्खा आश्रमच वहिनीला वहिनी म्हणू लागला होता.

ती तोफ आता गप्प होती. झालं असं, की वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मास्तरीणबाईंचा मुलगा भेटायला आला आणि आईच्या दोन्ही दंडांवर त्याला निळेजांभळे डाग दिसले. मग इतरांच्या अस्तन्या वर झाल्या. कुणाच्या मनगटावर डाग, कुणाच्या पोटरीवर. सगळ्यांना रोज धरून उठवणारी एकच, तोफ. आवाज असा दणदणीत, मग हातही तसाच असणार, हे सगळ्यांनी आपापल्या मनाशी ठरवून टाकलं.

"अरे, ती मला फुलासारखी धरते रे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"आईला सकाळचं संध्याकाळी आठवत नाही," मुलगा आश्रमाची व्यवस्था बघणाऱ्या मेट्रनबाईंना म्हणाला.

समितीची बैठक व्हायची होती. तोवर तोफेने वर पाऊल टाकायचं नाही, धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायच्या, असं ठरलं. बैठकीत दोष सिद्ध झाला तर नोकरी जाणार होती. आणि म्हाताऱ्या माणसांवर हात उचलणारी बाई, असं एकदा नाव झाल्यावर तिला दुसरीकडे कोण दारात उभं करणार?

वहिनी चहा घेऊन धुलाईघरात गेली. तोफ चादरीचं टोक हातात धरून नुसती बसली होती.

"वहिनी, तुम्हालाही तसंच वाटतं का हो?"

"हे बघ," वहिनी म्हणाली, "तू माझ्या लग्नातल्या कपबशा फोडल्यास, माझा मिक्सर जाळलास आणि तुझ्या भावाला माझ्या नावाने काय काय सांगतेस तेही मला कळतं. पण म्हाताऱ्या माणसाला चिमटा काढणं? तेवढा लबाडपणा तुझ्यात असता तर मी इतकी वर्षं सुखाने झोपले असते का? चहा पी."

तोफ हसली आणि हसता हसता रडायला लागली. हे मात्र वहिनीने कधी पाहिलं नव्हतं. भांडायचा हक्क माझा एकटीचा, बाकीच्यांनी हिला बोट लावलं तर याद राखा, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि ती ताडताड पावलं टाकत स्वयंपाकघरात परतली.

या स्वयंपाकघराचा एक नियम होता: कच्चं काही नाही. फार पूर्वी एका आजोबांच्या घशात सफरचंदाची फोड अडकली होती. ते वाचले, पण वहिनीने त्या दिवशी कानाला खडा लावला. आपल्या घासाला दात लागता कामा नयेत! पहाटेच भाज्या उकडायला लागायच्या. त्यांचं पाणी मोरीत जायचं, गर चाळणीतून निघायचा आणि दुपारच्या जेवणापर्यंत मंद आचेवर वाफाळत राहायचा. फळंसुद्धा साखर घालून मऊसूत शिजायची. या मऊपणाचा वहिनीला भारी अभिमान होता.

ती मागच्या दाराशी आली तर तिथे बँडवाले आजोबा चाकाच्या खुर्चीत बसलेले. आयुष्यभर ट्रम्पेट वाजवलेला, अगडबंब माणूस. पाठीमागे भाजीचे क्रेट उतरत होते आणि आजोबांच्या मांडीवरच्या शालीखाली काहीतरी लपत होतं.

"काय आहे ते?"

"कुठे काय?" आजोबा म्हणाले. त्यांचे गाल फुगलेले होते.

वहिनीने शाल ओढली. खाली अर्धा खाल्लेला पेरू, दोन टोमॅटो आणि एक संत्रं.

"आजोबा! घशात अडकलं म्हणजे?"

"पाच दात आहेत, पण पाचही कामाचे," आजोबा ऐटीत म्हणाले. "तुझा तो लगदा तूच खा, बाई. मी रोज लिफ्टने उतरून इथेच जेवतो. आणि चोर म्हणायचं तर म्हण. वर तरी काय न्याय चाललाय? तोफ मला रोज दोनदा पोत्यासारखं उचलायची. मी कधी कुरकुर केली?"

वहिनी संत्रं काढून घ्यायला वाकली आणि तशीच थांबली. आजोबांचे उघडे हात तिच्यासमोर होते. सुरकुतलेले, जाडजूड, पण एकही डाग नसलेले. सगळ्यात जड माणूस हा. तोफेची पकड सगळ्यात घट्ट बसायची ती यालाच. मग डाग त्या चिमणीएवढ्या मास्तरीणबाईंना कसे? तेवढ्यात तिला आठवलं, मेट्रनबाई सकाळीच म्हणाल्या होत्या की मास्तरीणबाईंच्या नडगीवर नवा डाग उठलाय. आणि तोफ तर कधीपासून चादरींच्या घड्या घालत होती.

वहिनीने पेरू उचलून आजोबांच्या हातात दिला आणि पदराला हात पुसत थेट डॉक्टरांची खोली गाठली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मास्तरीणबाईंच्या हिरड्या बघितल्या. सुजलेल्या होत्या, बोट लागताच रक्त आलं.

"भाजी किती वेळ शिजते?" त्यांनी विचारलं.

वहिनीने सांगितलं. पाणी ओतून देते तेही सांगितलं. बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला.

"ताज्या फळांत, भाज्यांत क जीवनसत्त्व असतं," डॉक्टर म्हणाले. "फार वेळ शिजवलं की ते बरंच नासतं, काही पाण्याबरोबर जातं. ते महिनोन्‌महिने मिळालं नाही तर बारीक रक्तवाहिन्या दुबळ्या होतात. मग नुसतं खाटेला घासलं तरी डाग पडतो. मी वयाला आणि गोळ्यांना दोष देत बसलो. ताटात काय असतं हे मीही विचारलं नाही. रक्त तपासून खात्री करू. फळांनी म्हातारपण काही जायचं नाही, पण हे दुखणं असेल तर ते हटेल."

वहिनीला पातेलं, चाळणी, मोरी सगळं आठवलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच! मायेने शिजवलं, आणि माझ्याच पातेल्याने या माणसांना निळं केलं, आणि आळ आला पोरीवर. तिला स्वतःची लाज वाटली. पण रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

तपासणीचा निकाल डॉक्टर म्हणाले तसाच आला. तोवर वहिनी कामाला लागलीही होती. आता घास मऊ हवा, पण कच्चा हवा, आणि हे कोडं सोडवायला तिच्यासारखीच बाई हवी होती. तिने पेरूचा पिकला गर चाळणीतून गाळला, बिया टाकल्या. संत्र्यांचा रस ऐन जेवणाच्या वेळी काढला. टोमॅटो साल काढून वाटले, लिंबू पिळलं. पालक वाफेवर जेमतेम मऊ केला आणि सुटलेलं पाणी सूपमध्ये गेलं. पहिला घास डॉक्टरांसमोर, बेतानेच भरवला. मास्तरीणबाईंनी डोळे मिटून चव घेतली आणि वाटी पुढे केली. "अजून!"

डॉक्टरांच्या गोळ्याही सुरू झाल्या. हिरड्यांतलं रक्त थांबलं. निळे डाग हिरवट झाले, पिवळे झाले, आणि नवे उठेनात.

बैठकीला सगळे जमले. डॉक्टरांनी निकाल वाचून दाखवला. मास्तरीणबाईंच्या मुलाने आईची अस्तनी वर केली, बराच वेळ बघितलं आणि मान खाली घातली.

"म्हणजे दोष जेवणाचा," अध्यक्ष म्हणाले. "जेवण असं शिजवायचं कुणी ठरवलं?"

वहिनी उभी राहिली. "मी. नियम माझा, चूक माझी. काय शिक्षा करायची ती मला करा. पण आधी माझ्या नणंदेचं नाव साफ करा. इथे, सगळ्यांदेखत."

अध्यक्षांनी घसा खाकरला. "तुमच्या हातून एवढी मोठी..."

"माझ्या वहिनीला कुणी एक शब्द बोलायचा नाही!"

खिडकीच्या काचा थरथरल्या. दाराशी चादरींची चळत घेऊन तोफ उभी होती. "चूक त्यांनीच शोधली, त्यांनीच सांगितली, त्यांनीच निस्तरली! आणखी काय हवंय तुम्हाला?"

बँडवाल्या आजोबांनी खुर्चीच्या दांड्यावर चमचा वाजवायला सुरुवात केली. मग दुसरा चमचा वाजला, मग तिसरा. अध्यक्षांचं पुढचं बोलणं कुणालाच ऐकू आलं नाही. खुद्द अध्यक्ष हसत होते. मेट्रनबाईंनी तोफेच्या हातातल्या चादरी काढून घेतल्या आणि त्यातच सगळं आलं.

"चला, जेवणाची वेळ झाली," तोफ म्हणाली. ती मास्तरीणबाईंच्या खुर्चीपाशी आली, त्यांना उठवायला वाकली आणि अडखळली. हात पुढे गेले, पण बोटं टेकेनात. एवढ्या दिवसांची भीती त्या हातांत बसली होती. वहिनीला ते दिसलं.

मास्तरीणबाईंनी अस्तन्या कोपरांच्या वर सारल्या. दोन्ही गोरेपान, स्वच्छ हात तिच्यापुढे केले.

"धर," त्या म्हणाल्या. "घट्ट धर गं. आता नाही डाग पडायचा."