तिसऱ्या मजल्याची घंटी

मित्रांनो, मी लिफ्ट चालवणारा एक जुना कंट्रोल बोर्ड आहे, आणि खरं सांगायचं तर आता पार दमलो आहे. आबिड्समधल्या एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत माझा मुक्काम. हैदराबादचा उन्हाळा अन् डोक्यावर तापलेला पत्रा! एक दुपार तरी इथं बसून दाखवा.

माझं काम ऐकायला सोपं आहे. दार लागलं का, मजला आला का, एवढंच तारा मला सांगतात. हो किंवा नाही. त्यावर मी मोटर चालवतो, ब्रेक लावतो आणि मजला आला की घंटी वाजवतो. नवा होतो तेव्हा लोक उगाच वरखाली फिरून यायचे. पुढे कौतुक आटलं. लिफ्ट अडकली की मात्र सगळ्यांना मी आठवायचो, तेही शिव्या घालायला.

मग बाजार खुला झाला, परदेशी माल आला, इमारतीत कॉम्प्युटरवाले आले. मॅनेजर एकनाथराव म्हणाले, "हा खटारा काढा आता." पुण्याची इंजिनिअर मानसी तळहाताएवढा नवा बोर्ड घेऊन आली. तिनं माझी एकेक तार सोडवून त्याला जोडली. वाईट वाटलं का? छे! सुटलो एकदाचा, असं वाटलं. पण मोटरला, ब्रेकला, घंटीला हुकूम देणाऱ्या तारा जोडायला त्या पठ्ठ्याकडे एक जागा कमी पडली. मानसीनं घंटी वगळली. मजल्याचा आकडा लाल दिव्यांत दिसतोच की!

तिसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत केशवराव टेलिफोन ऑपरेटर आहेत. त्यांना दिसत नाही. घंट्या मोजून ते उतरायचे. घंटी गेल्यावर एक दिवस ते चुकून दुसऱ्या मजल्यावर उतरले आणि रंगाऱ्याच्या शिडीला अडखळून गुडघा फोडून घेतला. तेव्हापासून बिचारे जिन्यानं येऊ लागले.

लिफ्ट तपासायला आलेल्या मानसीनं एकदा त्यांना जिन्यात गाठलं. बोलणं गच्चीपर्यंत ऐकू आलं.

"काका, लिफ्ट चालू आहे की!"

"हौ, चालू आहे. पण कुठं थांबली ते मला कोण सांगणार, बाई? घंटीच मुकी केली तुम्ही."

"अहो, मग सांगायचं तरी! लिफ्टमध्ये कुणालाही विचारायचं."

"रोज विचारत बसू, कितवा मजला म्हणून? नक्को. इतकी वर्षं एकटा आलो, एकटाच येणार."

मानसी तडक वर आली. भंगारवाला मला उचलायलाच आला होता. "थांबा," ती म्हणाली, "याला नेऊ नका." तिनं मजल्यांच्या तारा नव्या बोर्डावरून माझ्याकडेही आणल्या आणि घंटी पुन्हा माझ्या गळ्यात बांधली. मला रडूच आलं. अगं बाई, मला सोड ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटी वाजली. एक, दोन, तीन. खालून केशवरावांचा आवाज आला, "हां, आला माझा मजला!"

मित्रांनो, जुनं काढायचं तर खुशाल काढा. फक्त त्याच्यावर कोण विसंबून आहे, ते आधी विचारा. आणि कधी वर आलात तर माझ्यावरची धूळ तेवढी झटका. केशवराव रिटायर होईपर्यंत मला बंद पडून चालणार नाही.